चैत्रातले पन्हे, ज्येष्ठातली लू
(मंडळाच्या महिला शाखेत, दिल्ली येथे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास केलेले भाषण)



आंब्याची डाळ समोर मांडलेली असताना भाषण लांबवणाऱ्या वक्त्याला कोणी क्षमा करीत नाही, हे मी जाणून आहे. म्हणून पन्ह्याविषयीच बोलते.

रत्नागिरीहून येथे आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझा मुलगा शाळेतून परतला तो लालबुंद होऊन. डोके दुखत होते, प्यालेले पाणी पोटात ठरेना. शेजारच्या बाई लखनौकडच्या. त्यांनी अंगीठीवर कैरी भाजली, गर पाण्यात कालवला, त्यात काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड व पुदिना घातला आणि घोट घोट पाजला. दिवेलागणीला पोर उठून बसले. ‘अहो, हे तर आमचेच पन्हे!’ असे मी म्हणाले खरी; पण आमचे पन्हे सणाचे होते, त्यांचे गरजेचे.

फरक मिठाचा. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, आणि नुसत्या पाण्याने ती तूट भरून निघत नाही. आपण गूळ-वेलदोडा मिरवतो. मीठ बिचारे ‘चवीपुरते’ कोपऱ्यात उभे! तेव्हा उकडलेल्या कैरीच्या वाटीभर गराला दीड वाटी गूळ आणि चहाचा एक चमचा मीठ घ्यावे. पेलाभर पाण्यास तीन मोठे चमचे गर पुरतो. मधुमेह असल्यास गूळ वगळून शेजारणीची रीत धरावी. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात मात्र हे आंबट ठेवू नये.

घरून आमसुले आली असतील तर दहाएक आमसुले दोन तास भिजवून कुस्करावीत. ती मुळातच खारट असतात, म्हणून मीठ चाखून घालावे.

आणि फ्रिज आला म्हणून माठ अडगळीत टाकू नका. कोकणच्या दमट हवेत त्याचे फारसे चालत नाही. येथल्या कोरड्या झळांत पाझरलेले पाणी भराभर सुकते व सुकताना आतली उष्णता ओढून नेते. पावसाळ्यात त्याचा हा प्रताप ओसरतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. ताप चढून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर पन्हे करीत बसू नये. अंग ओल्या फडक्याने पुशीत, वारा घालीत इस्पितळ गाठावे.

आज येथे दोन पातेली आहेत. उजवीकडचे आपल्या नेहमीच्या पन्ह्याचे, डावीकडचे भाजलेल्या कैरीचे. आधी डावीकडचे घ्या. बाहेर ऊन आहे.