दाद

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधरी यांनी घडविलेले आणि १९५९ साली अनावृत झालेले एक शिल्प आहे. एक अजस्र शिळा हलविण्यासाठी चार श्रमिक सर्वांग पणाला लावून झुंजत आहेत. त्या चौघांत मुकादम मात्र कोणी नाही. आणि कामावरच्या वरिष्ठाच्या वागणुकीने हाताखालच्या माणसाची उमेद कशी वाढते वा खचते, हा आजचा विषय असल्यामुळे मला त्या गैरहजर मुकादमाविषयीच बोलावयाचे आहे.

याच शहरातील पेरांबूर भागात बिन्नी कंपनीच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक या कापडगिरण्या होत्या. शाळा, दवाखाना, पुढे राहण्यासाठी वस्त्या, अशा सोयी करणारे ते मालक त्या काळच्या मानाने उदारच म्हटले पाहिजेत. तथापि दुपारची सुट्टी इतकी तोकडी की पानावरचा भात धड गिळता येऊ नये, आणि वर गोऱ्या अंमलदारांची अरेरावी, ही गाऱ्हाणी कोणापुढे मांडावी, याची तजवीज त्या औदार्यात नव्हती. अखेर २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास मजूर संघ स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष बहमन पेस्तनजी वाडिया हे मुंबईचे पारशी गृहस्थ. ते इंग्रजीत बोलत आणि तिरु. वि. कल्याणसुंदर मुदलियार त्याचा तमिळ तर्जुमा करीत. परंतु ज्याला आपली भाषा येत नाही, त्याच्याभोवती हजारो मजूर जमले, कारण त्याने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले होते. पुढे १९२१ साली याच गिरण्यांत कित्येक महिने संप चालला. शाळा आणि दवाखाना तेव्हाही जागच्या जागीच होते.

आपल्या मराठीत ‘दाद’ हा फारसीतून आलेला एक मार्मिक शब्द आहे. अन्याय झालेला मनुष्य दाद मागतो आणि गुणाचा चाहता दाद देतो. न्याय आणि कदर ही दोन्ही या एकाच शब्दात नांदतात. मायबाप होऊन उपकार करणाऱ्या वरिष्ठाला हाताखालच्यांकडून कृतज्ञता मिळेल, क्वचित आज्ञापालनही मिळेल. परंतु मन लावून केलेले काम, जेथे दाद लागते आणि दाद मिळते, तेथेच होते.

तेव्हा, ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत अशा श्रोत्यांना माझी एवढीच विनंती, की उद्या कचेरीत गेल्यावर पहिला हुकूम सोडण्यापूर्वी एखाद्याचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.