चंदन, संदल, सँडल

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात, सयाजीराव रस्त्याला लागून एक जुनी मंडई आहे. (रस्त्याचे नाव बडोद्याच्या सयाजीराव महाराजांवरून, हे जाता जाता.) फुले, विड्याची पाने यांच्या जोडीने तेथे चंदनाच्या वस्तूही मिळतात. परगावचे गिऱ्हाईक त्यांना 'सँडल' म्हणते, कन्नड दुकानदार 'श्रीगंध'. यांतला परका शब्द कोणता, असे विचारल्यास कोणीही 'सँडल'कडे बोट दाखवील.

परंतु इंग्रजीतील हा 'सँडल' म्हणजे आपला 'चंदन'च होय. व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर तो पश्चिमेस गेला. फारसीत अखेरच्या 'न'चा 'ल' झाला. अरबीत 'च' हा वर्णच नाही, म्हणून तेथे तो 'संदल' झाला. पुढे ग्रीक, लॅटिन, फ्रेंच अशी मजल करीत तो इंग्रजीत पोहोचला. १७५३ मध्ये लिनिअसने या झाडास दिलेले 'सँटलम आल्बम' हे शास्त्रीय नावही त्याच घराण्यातले. वाटेत एक फाटा फुटला, तो असा की रक्तचंदनास इंग्रजी व्यापारात आजही 'रेड सँडर्स' म्हणतात. पायांत घालावयाची सँडल मात्र या नात्यातली नव्हे. ती ग्रीक 'सांदालोन'ची.

अरबी-फारसी रूप पुढे माहेरी परतले. उरुसात दर्ग्यावर चंदनाचा लेप चढविण्यासाठी निघणाऱ्या मिरवणुकीस आपण 'संदल'च म्हणतो. माहीमच्या उरुसात पहिल्या संदलाचा मान मुंबई पोलिसांकडे असतो.

शिवकाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, तेव्हापासून फारसी शब्द वगळण्याचा प्रघात आपणांकडे आहे. सरकारी नोकरीत मीही परिभाषेच्या याद्या चाळल्या आहेत. 'संदल' दिसताच 'फारसी' असा शेरा मारून समोर 'चंदन' लिहावयास क्षणही लागत नाही. पण 'चंदन' तरी कोठला? टी. बरो यांच्यासारखे पंडित त्याचे मूळ द्राविडी मानतात आणि तमिळमधील 'चांदु', म्हणजे उगाळलेले गंध, या शब्दाकडे निर्देश करतात. मत सर्वमान्य नाही. मला मात्र ते पटते. म्हणजे संस्कृताने नाव दक्षिणेकडून उसने घेतले, आणि कन्नड मुलखाने त्याच झाडास संस्कृत 'श्रीगंध' म्हटले!

तेव्हा शब्द वगळण्यास 'फारसी' एवढा शेरा पुरेसा मानू नये. तो लोकांच्या तोंडी आहे का, हे आधी पाहावे. 'संदल निघाले' म्हटले की माहीमचे पोरही रस्त्याकडे धावते. 'चंदनयात्रा' म्हटल्यावर ते जागचे हलणार नाही.