लोकांची मोटार आणि श्रीमंतांची पाटी



‘फोक्सवागन’ या जर्मन शब्दाचा अर्थ लोकांची मोटार. १९३३ साली नाझींनी कामगार संघटना मोडून त्यांची मालमत्ता बळकावली आणि तिच्याच बळावर त्यांच्या ‘श्रमिक आघाडी’ने १९३७ साली ही कंपनी उभी केली. आठवड्याला पाच मार्क साठवा आणि मोटार घ्या, या आश्वासनावर सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी बचत केली. त्यांपैकी एकालाही त्या योजनेतून मोटार मिळाली नाही. युद्धानंतर मात्र याच कारखान्याने सामान्यांना परवडणारी ‘बीटल’ जगभर पोचविली.

अशा या कंपनीने २००२ साली ‘फेटॉन’ नावाची आलिशान मोटार बाजारात आणली. कंपनीचे तत्कालीन प्रमुख फर्डिनांड पिएख यांचा तो हट्ट होता. मर्सिडीझ आणि बीएमडब्ल्यू यांच्या पंक्तीला बसण्याचा हा प्रयत्न. त्यासाठी ड्रेस्डेन शहरात काचेच्या भिंतींचा कारखाना उभारला. आत मेपल लाकडाची जमीन, कामगारांना पांढरे पोषाख, सुटे भाग आणण्यासाठी खास मालवाहू ट्राम. कारखान्याची क्षमता दिवसाला १५० मोटारींची. प्रत्यक्षात २०१६ पर्यंतच्या चौदा वर्षांत जेमतेम ८४ हजार फेटॉन बाहेर पडल्या. अमेरिकेतील विक्री २००६ सालीच आवरती घ्यावी लागली. प्रत्येक मोटारीमागे सुमारे २८ हजार युरोंचा तोटा झाला, असा एका वित्तसंस्थेचा २०१३ सालचा अंदाज होता.

मोटार वाईट होती काय? मुळीच नाही, जाणकारांनी तिच्या बांधणीची वाखाणणीच केली. मग अपयश कशाचे? याच गटाची ‘बेंटली काँटिनेंटल’ ही मोटार बव्हंशी फेटॉनच्याच पायावर बांधलेली होती. बेंटलीच्या काही गाड्या तर ड्रेस्डेनच्या याच कारखान्यात जुळविल्या गेल्या. बेंटली कितीतरी अधिक किमतीला खपली, फेटॉन पडून राहिली. फरक मुख्यतः पाटीचा होता. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच दाखवून दिले होते की, धनिक वर्ग वस्तूची उपयुक्तता विकत घेत नाही, इतरांहून वेगळे असल्याचा पुरावा विकत घेतो. ज्या नावात ‘लोक’ आहेत, ते नाव असा पुरावा कसे देणार?

कोणी म्हणेल, एका कंपनीचा धंदा फसला, समाजवाद्यांना त्याच्याशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. तोट्याचा हा पैसा आकाशातून पडला नव्हता. साध्या मोटारी बनविणाऱ्या श्रमिकांच्या कष्टातून आणि त्या घेणाऱ्यांच्या खिशातूनच तो आला होता. याच पिएख यांच्या कारकिर्दीत, १९९३ साली, सुमारे ३० हजार नोकऱ्या वाचविण्यासाठी कामगारांनी चार दिवसांचा आठवडा आणि त्याबरोबर कमी वेतनही पत्करले होते. कंपनी अडचणीत आली की त्यागाचे आवाहन कामगारांना. हट्ट पुरविण्याची मुभा मात्र वरच्यांना!

येथे एक अप्रिय गोष्टही मान्य केली पाहिजे. फोक्सवागनच्या पर्यवेक्षक मंडळात निम्मे सभासद कामगारांचे असतात आणि लोअर सॅक्सनी राज्याकडे २० टक्के मताधिकार आहे. तरीही हा हट्ट अडला नाही. मंडळात जागा मिळणे म्हणजे उत्पादनाची दिशा ठरविण्याची सत्ता मिळणे नव्हे. संघटनेने वेतन आणि नोकऱ्या यांचीच राखण केली आणि ‘काय बनवायचे, कोणासाठी’ हा प्रश्न व्यवस्थापनाकडे सोडला, तर पुढे नोकऱ्यांची राखणही कठीण होते.

फेटॉन बंद झाल्यावर ड्रेस्डेनमध्ये विजेच्या मोटारी बनू लागल्या. पण डिसेंबर २०२४ च्या करारानुसार तेथील मोटार-उत्पादन २०२५ अखेर थांबविण्याचे आणि जर्मनीत २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे ठरले. याला एकटी फेटॉन कारणीभूत आहे, असे म्हणणे अर्थशास्त्राला धरून होणार नाही. परंतु चुकीचे निर्णय वर घेतले जातात आणि किंमत खाली मोजली जाते, हा क्रम तोच आहे. पुण्याजवळ चाकणला याच कंपनीचा कारखाना २००९ पासून आहे. तेथील असोत वा ड्रेस्डेनचे, श्रमिकांनी आपल्या मागण्यांच्या यादीत वेतनाशेजारी आणखी एक ओळ लिहावी: काय निर्माण करायचे, हे ठरविताना आम्हालाही विचारा.