लव्हबर्डचे मडके
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा चुकलेमाकले पोटात घाला.

आपण ज्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतो ते खरे म्हणजे बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आपला रानचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे, यांना मात्र बंदी नाही. दुकानदाराने जोडी म्हणून दिलेले माझे पहिले पक्षी दोघीही माद्याच निघाल्या! महिनाभर मी अंड्यांची वाट पाहिली आणि त्या नुसत्या भांडत होत्या. चोचीच्या वर नाकपुड्यांपाशी बहुधा नर निळा असतो, वयात आलेली मादी तपकिरी, एवढे पाहून घ्यावे.

मग खरी जोडी आणली. राळे, बाजरी, कोथिंबीर आणि चोच मारायला समुद्रफेस. मडक्याला बाजूने भोक पाडून ते आत टांगले. मादी एक दिवसाआड अंडे घालते, चार-सहा होतात. सुमारे १८ दिवस ती मडक्यातून फारशी हलत नाही. नर दाराशी येऊन तिला चोचीने भरवतो. (आमच्या घरी हे पाहायला सगळ्यांना बोलावले होते. कुणी बोध घेतला नाही.) पाचेक आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात.

पहिल्या वेळी पाच झाली, लगेच दुसऱ्यांदा चार. दुकानदाराने ती घेतली, त्या पैशांत धाकटीची वह्यापुस्तके आली. हे म्हणाले, “मडके राहू दे.” मलाही तेच हवे होते, खोटे कशाला बोलू?

तिसऱ्या खेपेला एका सकाळी मादी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसली. अंडे अडले होते. ऊब दिली, पण दुपारी ती गेली. पुढे पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, अंड्याच्या कवचाला तिच्याच अंगातला चुना लागतो. दोन वेळा पिल्ले झाली की मडके काढून तिला काही महिने विसावा द्यायचा. मडके समोर असले की ती आपण होऊन थांबेलच असे नाही.

माझी तीन बाळंतपणे झाली. प्रत्येक वेळी आईने सव्वा महिना मला घागर उचलू दिली नाही. पिंजऱ्यापाशी मला हे कसे आठवले नाही, कोण जाणे.

आता दुसरी मादी आहे. तिची दोनदा पिल्ले झाली, तशी मी मडके धुऊन माळ्यावर ठेवले. हे अधूनमधून विचारतात, “कधी लावायचे?” मी म्हणते, “दिवाळी होऊ द्या, मग बघू.”