यकीन ठेवायचं म्हणजे करायचं काय?



'स्वप्नांवर विश्वास ठेवा' हे वाक्य तुम्ही दहावीच्या निरोप समारंभापासून ऐकत आला आहात. भाषण संपतं, टाळ्या वाजतात आणि घरी पोहोचल्यावर फीचा आकडा जागेवरच असतो. म्हणून आज मी एकच प्रश्न घेणार आहे. स्वप्नावर यकीन ठेवायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

उदाहरण ओळखीचंच घेऊ. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा फोटो आपल्या शाळांत असतो, मोहल्ल्यातल्या वाचनालयात असतो. पण फोटोत दिसतात ते राष्ट्रपती. तिथपर्यंतचा रस्ता फोटोत दिसत नाही.

कलामांचा जन्म १९३१चा, गाव रामेश्वरम. लहानपणी युद्धाच्या काळात ते चुलत भावाला वर्तमानपत्रं वाटायला मदत करत. पाचवीत असताना शिवसुब्रमणिय अय्यर नावाच्या शिक्षकांनी पक्षी कसा उडतो हे आधी फळ्यावर दाखवलं आणि मग सगळ्या वर्गाला समुद्रावर नेऊन प्रत्यक्ष दाखवलं. उडण्याचं वेड त्या मुलाच्या डोक्यात शिरलं ते तिथे. पुढे रामनाथपुरमच्या शाळेत अय्यादुराई सॉलोमन हे शिक्षक भेटले. ते सांगत, यश हवं असेल तर तीन गोष्टींवर ताबा हवा : इच्छा, विश्वास आणि अपेक्षा. बघा, एक हिंदू शिक्षक, एक ख्रिस्ती शिक्षक आणि एका नाववाल्याचा मुस्लिम मुलगा. स्वप्न रुजलं ते अशा जमिनीत.

आता खरी परीक्षा. मद्रासच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नंबर लागला, पण प्रवेशाला सुमारे हजार रुपये हवे होते. १९५०च्या दशकातले हजार रुपये! वडिलांकडे तेवढे नव्हते. तेव्हा बहीण जोहराने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली.

इथे जरा थांबू या. यकीन म्हणजे काय, याचं उत्तर मला या बांगड्यांत सापडतं. यकीन ही छातीत दाटून येणारी भावना नाही. आपल्याकडे जे आहे, त्यातलं काहीतरी स्वप्नासाठी तारण ठेवणं म्हणजे यकीन. कुणी सोनं ठेवतं, कुणी झोप ठेवतं, कुणी संध्याकाळचे मोबाइलवरचे दोन तास ठेवतं. काहीच तारण ठेवलं नसेल, तर ती नुसती हौस.

आणि भावाने काय केलं? आपल्या कमाईतून त्या बांगड्या सोडवायच्या, असं त्यांनी ठरवलं. तेव्हा कमाईचा मार्ग एकच होता : भरपूर अभ्यास करायचा आणि शिष्यवृत्ती मिळवायची. पुढे एका विमानाच्या आराखड्याचं काम मागे पडलं, तेव्हा प्राध्यापकांनी तीन दिवसांची मुदत दिली. काम झालं नाही तर शिष्यवृत्ती बंद! कलामांनी रात्रीचं जेवणही सोडलं, ड्रॉइंग बोर्डवरून हलले नाहीत आणि काम पुरं केलं.

पण यकीन ठेवलं की सगळं मिळतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते खोटं ठरेल. कलामांना लढाऊ विमान चालवायचं होतं. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीसाठी २५ जण होते, घ्यायचे होते ८. कलामांचा नंबर नववा आला. एका जागेने स्वप्न हुकलं. तुमच्यापैकी स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. ते खचले, ऋषिकेशला गेले, मन सावरलं आणि दिल्लीला परतून संरक्षण खात्याची २५० रुपये मूळ पगाराची नोकरी धरली. वैमानिकाची खुर्ची गेली, पण आकाश त्यांनी सोडलं नाही. स्वप्नाचं एक दार बंद झालं तर दार बदला, दिशा राखा.

पुढचा धक्का त्याहून मोठा होता. १० ऑगस्ट १९७९ रोजी त्यांच्या नेतृत्वाखालचं एसएलव्ही-३ हे रॉकेट उडालं आणि काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळलं. तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले, अपयशाची जबाबदारी त्यांनी घेतली आणि आपल्या माणसांवर भरवसा असल्याचं सांगितलं. १८ जुलै १९८० रोजी त्याच मालिकेतल्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या दिवशी धवन मागे राहिले आणि पत्रकारांसमोर त्यांनी कलामांना पाठवलं.

आणि ती वैमानिकाची इच्छा? ८ जून २००६ रोजी, वयाच्या ७४व्या वर्षी, राष्ट्रपती कलाम आपल्या पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई लढाऊ विमानातून सहवैमानिक म्हणून उडाले. डेहराडूनला हुकलेलं आकाश लोहगावला भेटलं.

आता शेवटचं, आणि हे मुलांनी जास्त लक्ष देऊन ऐकावं. ही गोष्ट आपण शंभर वेळा सांगतो. पण जोहराआपाचं स्वतःचं स्वप्न काय होतं, हे कुणी सांगत नाही. बहिणीच्या बांगड्यांवर शिकलेले भाऊ आपल्याकडे घरोघरी आहेत. बहिणीच्या कॉलेजसाठी आपली मोटरसायकल विकणारे भाऊ किती आहेत? बारावीनंतर तिची फी भरायची वेळ आली की 'पुढे शिकून काय करणार' हा प्रश्न तिलाच का विचारला जातो? तिनेही स्वप्न पाहिलेलं असतं. त्यावर घरात कुणीच काही तारण ठेवत नाही, म्हणून ते विझतं.

तेव्हा इथून जाताना दोन कामं घेऊन जा. एक, तुमचं स्वप्न एका ओळीत लिहा आणि त्याच्यापुढे लिहा, या आठवड्यात मी त्यासाठी काय सोडणार आहे. दुसरं, आज रात्री जेवताना बहिणीला विचारा, "तुला काय व्हायचंय?" ती लगेच बोलणार नाही. तिला हा प्रश्न विचारला जाण्याची सवय नसेल. पुन्हा विचारा. आणि तिने सांगितलं की टाळ्या वाजवू नका. फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे, ते बघायला बसा.