आपला किराणा कुठला?



रमजानच्या बाजारात हल्ली एक प्रकार दिसतो. मुले खजुराचा डबा उचलतात, काळ्या रेघांखालचे पहिले तीन आकडे वाचतात आणि "८९०, म्हणजे माल भारताचा" असा निकाल देऊन मोकळी होतात. अमुक आकडा म्हणजे अमुक देश, अशी यादीच मोबाईलवर फिरत असते. तिच्या भरवशावर लोक माल टाकतात, प्रसंगी गरीब दुकानदाराशी भांडतातही.

वास्तविक ते आकडे एवढेच सांगतात की, कंपनीने आपला क्रमांक कोणत्या देशातील संस्थेकडून घेतला. इराकचा खजूर आणून येथील व्यापाऱ्याने स्वतःच्या डब्यात भरला, तरी त्यावर ८९० असू शकते.

मग पाहावे काय? मागची बारीक अक्षरे. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे आयात मालाच्या वेष्टनावर उगमदेश आणि आयातदाराचे नाव-पत्ता छापावा लागतो. हा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. आपल्या कित्येक घरांत सौदा आणणाऱ्या आईला तो वाचता येत नाही. तेथे शाळेत जाणाऱ्या मुलीने तो वाचून दाखवावा. तिच्या शिक्षणाचा एवढा उपयोग घराला आजच होऊ शकतो.

सुट्या मालाचे मात्र कठीण. मसूर कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातून येतो, तूर मोझांबिक, म्यानमारमधून. दुकानदार म्हणतो, "आपल्याकडचीच आहे." पोत्यावरचा छाप दाखवायला सांगा. तो जरा चिडेल, चिडू द्या.