गोळी लिहिण्याआधी



प्रवरेच्या पाटाखाली ऊस आणि पारनेर-पाथर्डीकडे बाजरी, असा हा अहिल्यानगर जिल्हा. यकृतावरची चरबी ही बागायतदारांची तक्रार, असं आपण डॉक्टर बरीच वर्षं धरून चाललो. आता कोरडवाहू गावातला, हातापायांनी काडी पण पोट सुटलेला माणूसही सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन समोर बसतो आणि म्हणतो, "डॉक्टर, लिव्हर साफ व्हायची गोळी द्या." आणि आपण देतो! लिव्हर टॉनिकची बाटली, सिलिमरिनच्या कॅप्सूल, नाहीतर उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. यातल्या एकानेही या आजारातला फायब्रोसिस मागे जातो, असा भक्कम पुरावा नाही. पेशंट खूश, मेडिकलवाला खूश, यकृत आहे तसंच.

परिषदेच्या स्वागताध्यक्षाने हार-तुरे सांभाळावेत, विद्वत्ता पाहुण्यांवर सोपवावी, हे मला ठाऊक आहे. तरी दोन केसपेपर दाखवतो; आकडे नमुन्याचे आहेत. पहिला पेशंट 38 वर्षांचा. एएसटी 40, एएलटी 64, प्लेटलेट अडीच लाख, सोनोग्राफीत ग्रेड टू. दुसरा 54 वर्षांचा. एएसटी 48, एएलटी 36, प्लेटलेट 1 लाख 60 हजार, सोनोग्राफीत नुसता ग्रेड वन. घाबरतो पहिला, आणि औषधंही त्यालाच जास्त मिळतात. आता फायब्रोसिसचा अंदाज देणारा फिब-फोर काढा: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) आणि एएलटीचं वर्गमूळ यांचा गुणाकार. पहिल्याचा येतो 0.76, दुसऱ्याचा 2.7. 1.3 च्या खाली सहसा काळजी नाही, 2.67 च्या वर फायब्रोस्कॅन आणि तज्ज्ञाचा सल्ला हवाच. (पासष्टीपुढे खालची मर्यादा 2 धरतात.) ग्रेड चरबीचा असतो, जीव घेतो फायब्रोसिस. हे गणित मोबाईलवर अर्ध्या मिनिटात होतं, आणि त्याला लागणाऱ्या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्ये होतात.

औषधं कुणासाठी, हा प्रश्न त्यानंतरचा. 2010 च्या पिव्हेन्स चाचणीपासून व्हिटॅमिन ई आणि पायोग्लिटाझोन आपल्या हाताशी आहेत. व्हिटॅमिन ई रोज 800 युनिट, तेही मधुमेह नसलेल्या, बायोप्सीने आजार सिद्ध झालेल्यांत. चणेफुटाण्यासारखं वाटायचं ते औषध नव्हे. पायोग्लिटाझोनने वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात, हार्ट फेल्युअर असेल तर ते वर्ज्यच. मेटफॉर्मिन साखरेसाठी खुशाल द्या, यकृतासाठी त्याचा भरवसा धरू नका. आणि फॅटी लिव्हर दिसलं म्हणून चालू स्टॅटिन बंद करण्याची सवय तर आजपासून सोडू या.

अहमदाबादच्या झायडसचं सारोग्लिटाझार मधुमेहींच्या रक्तातल्या चरबीसाठी 2013 मध्ये आलं आणि 2020 मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी यकृताच्या या आजारासाठीही त्याला परवानगी दिली. अभिमान जरूर बाळगावा. पण रेसमेटिरोम किंवा सेमाग्लुटाइडच्या मागे जेवढ्या मोठ्या चाचण्या आहेत, तेवढ्या त्याच्यामागे नाहीत, हेही लक्षात ठेवावं.

रेसमेटिरोमला अमेरिकेत मार्च 2024 मध्ये मान्यता मिळाली, सेमाग्लुटाइडला याच आजारासाठी ऑगस्ट 2025 मध्ये. दोन्ही मध्यम ते तीव्र फायब्रोसिस असलेल्या, पण सिरॉसिस न झालेल्यांसाठी. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत 72 आठवड्यांनी सुमारे 63 टक्के लोकांची यकृताची सूज गेली. पण ज्यांना औषधाविना नुसतं इंजेक्शन टोचलं, त्यांच्यातही 34 टक्क्यांची गेली! औषध कंपनीच्या स्लाइडवर हा दुसरा आकडा बारीक अक्षरात असतो; मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. औषधाविनाही सूज जाऊ शकते, हे तो सांगतो. वजन सात टक्क्यांनी उतरलं तर सूज हटते, दहा टक्क्यांनी उतरलं तर फायब्रोसिसही मागे सरू शकतो. 80 किलोच्या माणसाला दहा टक्के म्हणजे आठ किलो. महिन्याचा इंजेक्शनचा खर्च ज्याला झेपत नाही, त्याला हा आकडा तरी स्पष्ट सांगावा. 'वजन कमी करा' एवढ्यावर त्याची बोळवण करू नये.

गुळवेलाच्या काढ्याबद्दलही विचारत जा. कोविडच्या काळात तो घेऊन यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. पेशंट ते आपण होऊन सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसतं.

याच जिल्ह्यात, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं आणि शाळा न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्या बायकांनी गावं सांभाळून दाखवली. फेब्रुवारी 2021 पासून फॅटी लिव्हर केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आहे. आपल्या आशाताईंच्या हाती मोजपट्टी द्यायला आणि कमरेचा घेर नोंदवून घ्यायला आपल्याला आणखी कुणाची परवानगी हवी आहे?

दुपारच्या जेवणात या वेळी जिलेबी नाही, त्याबद्दल राग नसावा. बाजरीची भाकरी आणि पिठलं आहे. निवासाची किंवा गाडीची अडचण आली तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. मागणं एकच आहे. सोमवारी दवाखाना उघडाल तेव्हा फॅटी लिव्हरचे शेवटचे दहा केसपेपर बाहेर काढा, प्रत्येकावर फिब-फोर लिहा, आणि ज्याचा आकडा 2.67 च्या वर येईल त्याला त्याच दिवशी फोन करून बोलावून घ्या.